सीलबंद जांभळाचा रस

फळांच्या रसात शिसं असतं की नसतं, हा प्रश्न त्र्याण्णव सालच्या मे महिन्यापर्यंत मला एकदाही पडला नव्हता. तो मला पडावा अशी नवीन पनवेलमध्ये कुणाची मागणीही नव्हती. पण आमच्या सोसायटीत एक ग्राहक जागृती समिती होती. समिती तिघांची. अध्यक्ष बाळू गुप्ते, कारण सभा त्याच्या घरी भरायची आणि त्याच्याकडे कूलर होता. सदस्या आशालताबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, कारण त्यांना वगळून समिती काढायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. आणि चिटणीस मी, टिपणीस, पाटबंधारे खात्यातला वरिष्ठ लिपिक, कारण माझं अक्षर चांगलं आहे. समितीने तोवर दोन कामं केली होती. दूधवाल्याला माप बदलायला लावलं होतं आणि रॉकेलच्या रांगेत एकदा निषेध नोंदवला होता. निषेध नोंदवून होईपर्यंत रॉकेल संपलं, पण तो भाग वेगळा.

मे महिन्यात मी पेपरात वाचलं की रसाच्या डब्याला सांध्यावर पत्रा जोडायला जो डाख देतात, त्यातलं शिसं रसात उतरू शकतं आणि त्याने मुलांची बुद्धी मंद होते. मी चटकन मितालीकडे पाहिलं. मिताली आमची मुलगी, बारावी सायन्सला. ती अननसाचा रस पीत शून्यात बघत होती.

"किती दिवस पितेस हे?" मी विचारलं.

"पहिलाच ग्लास आहे, बाबा. डबा तुम्हीच आणलात ना काल?"

पण तोवर मी ठरवून टाकलं होतं. पनवेलच्या बाजारात मिळणारे सगळे रस समितीतर्फे तपासून घ्यायचे. सौभाग्यवतींना, म्हणजे शशिकलेला, हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आधी बाथरूमचा नळ तपासून घ्या. तो दिवाळीपासून गळतोय." मोठ्या कार्यात घरून असा पाठिंबा मिळतो.

सुरुवात सरकारपासून करावी म्हणून मी रजा टाकून एसटीने अलिबागला गेलो. तिथल्या एका कार्यालयात एका लिपिकाने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मी स्वतः लिपिक असल्यामुळे ती शांतता मला ओळखीची होती.

"नमुना कुणी घेतला?" त्याने विचारलं.

"मी घेणार आहे."

"मग तो नमुना नाही. फूड इन्स्पेक्टरने घेतला तर नमुना. तुम्ही घेतलात तर तो रस."

"मग इन्स्पेक्टर पाठवा."

"साहेब रजेवर आहेत."

"कधी येतील?"

"रजेवरून आले तर सोमवारी. बदलीची ऑर्डर आली तर नाही येणार."

मग त्याला माझी दया आली असावी. गिऱ्हाइकालाही माल तपासून घेता येतो, म्हणाला, फक्त विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. आणि तपासणी दादरच्या एका खाजगी प्रयोगशाळेतही होते. मी त्याचे आभार मानले. मला एवढी माहिती विचारायला कुणी आलं असतं तर मी त्याला दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं असतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

टपाल नाक्याजवळ जीवनशेठचं किराणा दुकान आहे. तिथे मी ताठ उभा राहून म्हणालो, "सदर रस मी पृथक्करणासाठी खरेदी करत आहे, याची नोंद घ्यावी."

जीवनशेठने डबे काउंटरवरून उचलून खाली ठेवले. "टिपणीससाहेब, प्यायचे असतील तर देतो. दुसऱ्या कशासाठी नाही देत."

आणखी दोन दुकानांत हेच झालं. तेव्हा बाळूने अध्यक्ष या नात्याने तोडगा काढला. "कायद्यात सांगा म्हटलंय. ऐकू गेलं पाहिजे असं कुठे म्हटलंय?" त्याप्रमाणे बाहेर एका टेंपोचं इंजिन धडधडत असताना मी तोंडातल्या तोंडात कायदा पुटपुटलो आणि मोठ्या कंपन्यांचे अननस, आंबा आणि संत्र्याचे डबे घेऊन बाहेर पडलो.

तो टेंपो धर्मराज भगतचा होता. धर्मराज पनवेलजवळच्या नेरे गावचा. घरामागच्या शेडमध्ये तो जांभळाचा रस काढून बाटल्या भरायचा आणि पनवेलच्या दुकानांना द्यायचा. माझं पुटपुटणं दुकानात कुणाला ऐकू गेलं नव्हतं, ते क्रेट घेऊन दारात आलेल्या त्याला नेमकं ऐकू गेलं. क्रेट खाली ठेवून तो माझ्यासमोर आला.

"सायेब, माजा रस पन घ्या की. आमी जांबलं आनतो, धुतो, शिजवतो, गालतो. त्याच्यात लपवन्यासारका काय नाय."

मला गहिवरून आलं. तपासा म्हणणारा पहिला माणूस भेटला होता. त्याने कारणही सांगितलं. उरणच्या एका कंपनीच्या कँटीनला त्याला माल द्यायचा होता. "तिथला सायेब बोलतो, रस बेस हाय, पन तपासल्याचा कागद आन. आमाला काय ठावं कागद कुटं मिलतो? तुमी आनलात तर आमच्या आठ बायांना हंगामभर काम लागल."

टेंपोतून एक म्हातारी उतरली. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे होते. ही धर्मराजची आत्या, ठमाबाई. "कागद इंग्लिसमदी आना," ती म्हणाली, "म्हनजे कोन भांडनार नाय."

मी शब्द दिला. धर्मराज, तुमचा कागद मी स्वतः आणून देईन, असं म्हणालो. असं बोलताना मला नेहमी स्वतःबद्दल फार बरं वाटतं.

दादरच्या प्रयोगशाळेत आभा नावाची एक तरुण केमिस्ट होती. तिने मला सूचनांचा कागद दिला. रस काचेच्या स्वच्छ बाटल्यांत भरावेत, बूच लावावं, दोन पंचांसमक्ष लाल लाखेने सील करावं. "आणि एक बाटली नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची. तीही तशीच सील करून आणा, काका."

"पाण्यात काय तपासणार?"

"तुलनेसाठी. रसात काही सापडलं तर ते रसातलंच आहे ना, हे कळायला."

मी मान डोलावली. न कळता मान डोलावणं हे आमच्या खात्यात कौशल्य समजलं जातं.

सीलबंदीचा समारंभ रविवारी सकाळी बाळूच्या घरी झाला. पंच म्हणून बाळू आणि आशालताबाई. चार रस, एक पाणी, पाच बाटल्या आणि मिरची गल्लीतून आणलेली पाच बुचं. फक्त लाख नव्हती. लाख आमच्या ऑफिसच्या स्टोअरमध्ये ढिगाने पडलेली असते, पण ती काढायला मागणीपत्र लागतं आणि मागणीपत्रावर 'कारण' नावाचा रकाना असतो. ग्राहक चळवळीच्या माणसाने सरकारी लाख घरी आणणं मला पटेना. खरं म्हणजे स्टोअरकीपरशी माझं बोलणं बंद होतं.

"मेणबत्त्या वितळवू," बाळू म्हणाला. लाइट जाण्याच्या कृपेने मेणबत्त्या घरोघर होत्या.

"पांढरं सील?" आशालताबाई खुर्चीत सरळ झाल्या. "पांढऱ्या सिलाला कोण भीक घालतं? सील लालच हवं. सरकारी दिसलं पाहिजे."

यावर बाळू आत गेला आणि कागदाची एक पुडी घेऊन आला. सोसायटीच्या फाटकाशी जो मारुती आहे, त्याला हनुमान जयंतीला शेंदूर चढवतात. त्यातला उरलेला शेंदूर बाळूकडे होता. चहाच्या जुन्या पातेल्यात मेण वितळलं, त्यात शेंदूर पडला, आणि असा काही तांबडाभडक रंग आला की आशालताबाईंनी मान हलवून पसंती दिली. माझ्या अंगावर तर काटाच आला. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं सरकारी सील मी पाहिलं नव्हतं.

ठसा उमटवायला मी सोसायटीचा शिक्का दाबला. तो रबरी होता. गरम मेणात तो असा रुतून बसला की निघताना 'सहकारी गृहनिर्माण' एवढी अक्षरं मेणातच राहिली. उरलेल्या बाटल्यांवर बाळूच्या साखरपुड्याची अंगठी दाबली. बुचं बाटल्यांना जरा सैल होती, त्यामुळे मेण कडेने ओघळत होतं.

"बाबा, आत गेलं," मिताली म्हणाली.

"पंचनामा चालू असताना मध्ये बोलू नये," आशालताबाई म्हणाल्या. मीही तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

दहा दिवसांनी रजिस्टर पोस्टाने रिपोर्ट आला. इंग्रजी होता, पण शिशाला इंग्रजीत काय म्हणतात ते मी शोधून ठेवलं होतं. चारही रसांत शिसं होतं. थोडंथोडकं नाही, ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी पट. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. एरवी माझं म्हणणं खरं निघायची घरात काय, ऑफिसात काय, पद्धत नाही. मी तो कागद शशिकलेसमोर धरला. ती म्हणाली, "मग आता काय करायचं?" मी त्या कागदाची झेरॉक्स काढून सूचना फलकावर लावली.

त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या मोऱ्यांतून पनवेलमधला बराच रस वाहून गेला. बाळूने जिन्यात भाषण केलं. इथल्या एका साप्ताहिकात माझा फोटो आला, हातात बाटली, चेहरा गंभीर. तिन्ही मोठ्या कंपन्यांना मी कडक पत्रं धाडली. दोघांचं उत्तर आलं नाही. तिसऱ्या कंपनीने माझ्या पसंतीबद्दल आभार मानणारं छापील कार्ड पाठवलं.

पण मोठ्या कंपन्या लांब मुंबईत, नेरे मात्र हाताशी. दुकानदारांनी धर्मराजचे क्रेट परत केले. मला ते कळलं तेव्हा वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आशालताबाई म्हणाल्या की कर्तव्य कठोर असतं, आणि मी ते वाक्य दोन दिवस वापरलं.

पुढच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात धर्मराज आणि ठमाबाई. मी मनातल्या मनात दोन पावलं मागे सरलो. धर्मराज चांगला आडदांड माणूस होता आणि आमचा सोफा त्याच्या मानाने नाजूक. पण तो कडेला अंग चोरून बसला. फलकावरची झेरॉक्स त्याने काढून आणली होती. ती माझ्यासमोर धरून तो म्हणाला, "सायेब, ह्याच्याखाली एक बटा दोन लिवलंय. दुसरा पान कुटं हाय?"

मी कागद पाहिला. खाली अगदी बारीक अक्षरात होतं. पान एक बटा दोन.

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अर्जांवर 'सोबतची कागदपत्रे अपुरी' असा शेरा मारत आलो. त्या रविवारी नेऱ्याच्या एका माणसाने तो शेरा माझ्याच सोफ्यावर बसून मला मारला.

"मागच्या पानाला फीची पावती टाचलेली होती ना?" शशिकला म्हणाली. "तुम्हीच म्हणालात बिल आहे म्हणून." ती आत गेली आणि बिलं अडकवायच्या तारेतून, विजेचं बिल आणि गॅसची पावती यांच्यामधून, दुसरं पान काढून आली. मी चष्मा शोधायला लागलो. मिताली थांबली नाही. तिने वाचलं आणि ती जागच्या जागी लाल झाली.

"बाबा, पाण्यातही शिसं सापडलंय. रसांइतकंच."

"डिस्टिल्ड पाण्यात?"

"हो. आणि खाली लिहिलंय, सगळ्या बाटल्यांत बुचाखाली लाल कण आढळले. सीलच्या पदार्थातच भरपूर शिसं आहे. म्हणून ही तपासणी ग्राह्य नाही. नवीन नमुने पाठवा."

मी खाली जाऊन एसटीडी बूथवरून दादरला फोन केला. सुदैवाने आभा रविवारीही कामावर होती. मी सगळं सांगितलं. मग ती अगदी सांभाळून म्हणाली, "काका, शेंदूर शिशाचाच करतात."

वर आलो आणि जसंच्या तसं सांगितलं. लपवायला जागाच नव्हती. "धर्मराज, तुमच्या रसात काही नाही. जे होतं ते मी घातलं. चूक माझी आहे."

त्याने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "बाया घरी बसल्यात, सायेब. झाराखाली जांबलांचा सडा परलाय. अजून पंधरा-वीस दिस हंगाम, मंग संपला." मला त्याच्याकडे बघवेना.

ठमाबाई मात्र विचारात पडली होती. "मारुतीचा शेंदूर बाटलीला लावलात?" तिने विचारलं. "मंग मारुतीला काय लावलात?"

त्याच संध्याकाळी मी सूचना फलकावर माफीचं पत्र लावलं. माझ्या सुंदर अक्षरात, ठळक, चूक कुठे आणि कशी झाली ते सगळं लिहून. साप्ताहिकालाही पाठवलं. वाटलं, खरं सांगितलं की झालं. सकाळी दुधाच्या रांगेत लोक माझ्याकडे बघून गालात हसत होते. बाळूने मला बाजूला घेतलं. "टिपणीस, आपल्यात राहू दे. किती क्रेट दिले त्याने?"

"बाळू, तो शेंदूर तुझा होता!"

"हे तू फलकावर लिहिलंस ते ठीक. पण मला तरी खरं सांग."

आशालताबाईंनी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं. त्यामुळे खोटं आपल्याला लगेच ओळखू येतं, असं त्या म्हणाल्या. साप्ताहिकाने माझं पत्र छापलं नाही. आधीच्या अंकाला मागणी चांगली होती, असं संपादकांनी सांगितलं. रसात विष आहे म्हटलं तेव्हा या माणसांनी एकही प्रश्न न विचारता माझ्यावर विश्वास ठेवला होता. विष नाही म्हटल्यावर मात्र सगळे पुरावे मागू लागले.

मी स्टोअरकीपरशी बोलायला सुरुवात केली. मागणीपत्र भरलं, 'कारण' या रकान्यात 'स्वतःची चूक दुरुस्त करणे' असं लिहिलं. त्याने ते वाचलं, फाडलं आणि स्वतःच्या घरची लाख आणून दिली. नवे नमुने दादरला गेले. पण निकालाला दहा-बारा दिवस लागणार होते आणि जांभळं दहा-बारा दिवस झाडावर थांबत नाहीत.

तेव्हा मला एकच सुचलं. रोज संध्याकाळी ऑफिसातून सुटलो की मी थेट जीवनशेठच्या दुकानात जायचो, दाराशी स्टूल टाकून बसायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत धर्मराजच्या रसाची अख्खी बाटली प्यायचो. जीवनशेठची हरकत नव्हती. माझ्या सांगण्यावरून त्याने धर्मराजकडून परत मागवलेल्या क्रेटचा मी एकटा गिऱ्हाईक होतो. पहिल्या दिवशी लोक थांबून बघत होते, बहुधा मी कधी कोसळतो याची वाट बघत. दुसऱ्या दिवशी कमी थांबले. चौथ्या दिवसापर्यंत माझी जीभ, दात आणि तीन सदरे जांभळे झाले. ऑफिसात साहेबांनी विचारलं, "टिपणीस, तब्येत बरी आहे ना?" शशिकलेने एकदाही टोमणा मारला नाही. उलट रोज सदरा भिजत घालताना ती म्हणायची, "आज कुणी घेतली का एखादी बाटली?" मी नाही म्हणायचो. तिचा चेहरा पडायचा, आणि तिच्या त्या पडलेल्या चेहऱ्याने मला धीर यायचा.

बाराव्या दिवशी दुसरा रिपोर्ट आला. मी दोन्ही पानं उभ्या उभ्या वाचली, मग मितालीकडून वाचून घेतली, मग पाकिटात तिसरं पान नाही ना ते पाहिलं. जांभळाच्या रसात शिसं नाही. आणि चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे, मोठ्या कंपन्यांच्या डब्यांतही नाही. मी तसाच जीवनशेठकडे धावलो. हे सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं होतं.

दुकानासमोर गर्दी होती. धर्मराजचा टेंपो उभा होता, मागे ठमाबाई आणि आणखी दोघी बसल्या होत्या, आणि धर्मराज घाम पुसत क्रेट उतरवत होता. लोक क्रेट खाली टेकायच्या आत बाटल्या उचलत होते. सर्वांत पुढे बाळू, त्याच्या काखेत दोन बाटल्या. आशालताबाईंनी पिशवीच आणली होती.

मी रिपोर्ट धर्मराजच्या हातात दिला. त्याने खालचं एक बटा दोन आणि दोन बटा दोन बोटाने तपासलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "उद्या उरनला जातो, सायेब." त्याचा आवाज जरा ओला झाला होता. माझाही झाला असता, पण तेवढ्यात बाळूने माझ्या पाठीवर थाप मारली.

"टिपणीस, बोलला नाहीस कधी! इतकी वर्षं डायबेटीस होता तुला?"

"मला?"

"आता लपवून काय उपयोग? अख्ख्या पनवेलला माहीत झालंय. उगाच कुणी बारा दिवस जांभळाचा रस पितं होय? शुगर म्हणे पार उतरली तुझी. चेहऱ्यावर तेज बघा याच्या!"

गर्दी माझ्या चेहऱ्याकडे बघू लागली. मी चिटणीस होतो. खोट्या प्रचाराला आळा घालणं हे समितीचं पहिलं उद्दिष्ट, ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं. मी स्टुलावर चढलो आणि घसा ताणून सांगितलं, "मंडळी, ऐका. मला मधुमेह नाही. मला मधुमेह कधी नव्हताच!"

मग आशालताबाई शेजारच्या बाईला म्हणाल्या, "बघितलंत? इतका मुळासकट गेला." आणि त्यांनी पिशवीत आणखी दोन बाटल्या टाकल्या.

मी पुन्हा तोंड उघडलं. तोच टेंपोतून ठमाबाई खाली उतरली, जांभळ्या हाताने एक बाटली उघडली आणि माझ्या हातात दिली.

"सायेब," ती म्हणाली, "आता तुमी काय बोलू नका. नुसता पिवा."

मी प्यायलो.